पाइप वर जात होता आणि कोणीच उचलत नव्हतं

आमच्या गोदामात, धान्य चाळणाऱ्या ग्रेडर मशीनच्या मागच्या कोपऱ्यात, लाइट फिटिंगचा एक दहा फुटी पांढरा पाइप उभा आहे. इलेक्ट्रिशियन दोनदा मागून गेला, मी दिला नाही. त्याची गोष्ट सांगायची तर आधी परत आलेल्या आयशर ट्रकची सांगावी लागेल.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूला, एका शेतकरी उत्पादक कंपनीत काम करते. कागदावर मुख्य कार्यकारी अधिकारी, गावात 'मॅडम', आणि हमालांमधले सगळ्यात जुने काका मला 'बाई' म्हणतात. केंद्र सरकारने २०२० मध्ये दहा हजार शेतकरी कंपन्यांची योजना काढली, त्यात आमची उभी राहिली. कायद्याने अशा कंपनीला पाच ते पंधरा संचालक लागतात, आमचे दहा आहेत, सगळे शेतकरी. रोजच्या कामाला मी धरून चौदा माणसं: हमाल, माल निवडणाऱ्या बाया, ग्रेडर चालवणारा, काट्यावरचा पोरगा, हिशोबनीस, ड्रायव्हर. योजनेतून व्यवस्थापनाच्या खर्चाला मदत मिळते ती तीन वर्षं. पुढे तुमचं तुम्ही पाहा. तेवढ्या वेळात माणसं तयार व्हायला पाहिजेत हे प्रत्येक बैठकीत बोललं जायचं. कशी, ते कोणी बोलत नव्हतं, मीही नाही.

तर आयशर. दोनशे कट्टे, म्हणजे पोती, सोयाबीन भरून गाडी प्रक्रिया प्लांटला गेली आणि तिसऱ्या दिवशी निम्म्या मालासकट परत आली. प्लांटशी आमचा सौदा दहा-दोन-दोनचा: ओलावा दहा टक्के, कचरा दोन, डागी दाणे दोन. आमच्या पावत्यांवर ओलावा दहाच्या आत, त्यांच्या मीटरवर साडेबारा. उरलेल्या निम्म्यावर कटती, म्हणजे पैशात कपात, लागली ती वेगळीच. मी सगळ्यांना गोदामात उभं केलं आणि मनसोक्त ओरडले. हमाल म्हणाले मीटर खराब आहे. काट्यावरचा म्हणाला माल रात्री उघड्यावर पडला. ग्रेडरवाला म्हणाला मशीन जोरात चालवायला मॅडमच सांगतात. अध्यक्षांनी काट्यावरच्या पोराकडे बोट दाखवून निकाल दिला: "हा खुर्चीतून उठतच नाही, आळशी हाय." विषय संपला. पंधरा दिवसांनी दुसऱ्या गाडीवर पुन्हा कटती.

त्याआधी आमची प्रशिक्षणं झाली नव्हती असं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी हॉल, पडद्यावर नेतृत्वाचे सात गुण, दुपारी पुरी-भाजी आणि श्रीखंड, तीन वाजता डुलक्या, पाच वाजता प्रमाणपत्र आणि फोटो. माझ्याकडे अशी नऊ प्रमाणपत्रं आहेत, लॅमिनेट केलेली. सातांपैकी तीन गुण आज आठवतात.

वर्ध्याच्या एका ताईंचं नाव आमच्या एका संचालकाने सुचवलं. त्यांनी आधी बरीच वर्षं कापसाच्या शेतीशाळा घेतल्या होत्या आणि आता संस्थांमधल्या माणसांबरोबर काम करतात, एवढंच कळलं होतं. फोनवर मी विचारलं, प्रोजेक्टर लागेल का? त्या म्हणाल्या, "गोदाम रिकामं लागेल. आणि दहा फुटांचा एक पाइप. हलका."

पोळा फुटला की सोयाबीन निघायला साधारण महिना असतो. तेवढ्यातले दोन दिवस काढले. दहापैकी चार संचालक आले. बाकीच्यांनी "पोरखेळ आहे" असं मला सांगितलं नाही, आपसात सांगितलं, म्हणजे मला लगेच कळलं.

खेळ असा. आठ माणसं, चार इकडे, चार तिकडे, समोरासमोर. सगळ्यांनी एक-एक तर्जनी पुढे काढायची, छातीच्या उंचीवर. त्या आठ बोटांवर पाइप नुसता ठेवायचा. पकडायचा नाही, बोट वाकवायचं नाही. कोणाचंही बोट पाइपापासून सुटता कामा नये. सुटलं की पुन्हा पहिल्यापासून. आणि एवढं सांभाळून पाइप जमिनीवर टेकवायचा.

अध्यक्ष पांढऱ्या कुर्त्यात उभे होते. हसले. "पावभर वजनाचा पाइप खाली ठेवाले आठ मानसं?"

ताईंनी हात सोडला आणि पाइप वर गेला.

अगदी खरं सांगते, वर गेला. छातीवरून खांद्यापर्यंत, खांद्यावरून कपाळापर्यंत. निवडणाऱ्या बाया हसून खाली बसल्या. "खाली, खाली!" अध्यक्ष ओरडत होते आणि त्यांचं स्वतःचं बोट वर चाललं होतं. "कोन उचलून रायलं बे?" "मी नाई, थो पाय ना, त्याच्याकडून उचलून रायलं." हिशोबनीस म्हणाला ड्रायव्हर उंच आहे म्हणून. ड्रायव्हर म्हणाला हिशोबनीस बुटका आहे म्हणून. मीही त्या आठांत होते आणि माझी खात्री होती की समोरचा ग्रेडरवाला मुद्दाम करतो आहे. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा पाइप एका बाजूने इतका चढला की घसरून अध्यक्षांच्या पायावर पडला.

यात जादू काही नाही. बोट सुटू नये म्हणून प्रत्येक जण पाइपाला किंचित चिकटून राहतो, म्हणजे खालून किंचित रेटतो. पाइपाचं वजन इतकं कमी की आठ जणांचं ते किंचित-किंचित मिळून त्याला वर न्यायला पुरतं. तो वर गेला की ज्याचं बोट सुटायला येतं तो आणखी रेटतो. प्रत्येक जण नियम पाळत असतो, म्हणून काम उलटं होत असतं. हे मला आता लिहिता येतं. तेव्हा मला एवढंच वाटलं होतं की या लोकांकडून एक पाइप खाली ठेवणं होत नाही.

खेळ सहा-सात मिनिटांचा. त्यानंतर ताईंनी सगळ्यांना गोल बसवलं, ते पाऊण तास. तो पाऊण तास मला खेळापेक्षा जड गेला.

त्यांचा पहिला प्रश्न: काय झालं? आठ तोंडांतून आठ उत्तरं आली, सगळी दुसऱ्याबद्दल. त्या दर वेळी थांबवायच्या. "कोणामुळे, ते नाही विचारलं. डोळ्यांनी काय दिसलं?" पाइप वर गेला. आणखी? सगळे बोलत होते. एका वेळी? हो, एका वेळी. कोण कोणाकडे पाहत होतं? बराच वेळ कोणी बोललं नाही. मग निवडणाऱ्या बायांपैकी एक, जी खेळात नव्हती, म्हणाली, "समदे समोरच्याच्या बोटाकडे पाहून रायले होते. आपल्या बोटाकडे कोनीच नाई."

मी लगेच म्हटलं, "म्हणजे यातून आपण काय शिकतो, तर टीमवर्क..."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पिशवीतून एक वही काढून दिली. म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा. बोलावंसं वाटलं की बोलू नका, एक रेघ मारा." माझ्या हाताखालच्या माणसांसमोर. राग आला. बसले. पुढच्या चाळीस मिनिटांत एकतीस रेघा झाल्या. त्यातल्या निदान वीस तरी अशा होत्या, की माझं उत्तर पुढच्या दोन-तीन मिनिटांत दुसऱ्या कोणी तरी दिलं, माझ्याहून साध्या शब्दांत. उरलेल्यांपैकी काही उत्तरं चूक होती, हे त्यांचं बोलणं ऐकताना कळलं. ती वही मी ठेवली आहे, पण ती कोणाला दाखवत नाही.

चौथ्या वेळी हमालकाका म्हणाले, एकानेच हाक द्यायची. कट्टा दोघं उचलतात तेव्हा देतात तशी, पण हळू. आणि सगळ्यांनी गुडघ्यात वाकायचं, हात तसाच. पाइप टेकला. फार डौलात नाही, एका बाजूने आधी. तरी टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी पँट झटकली आणि म्हणाले, "गुडघ्याचं आधी सांगाचं ना."

दुपारी गुंत्याचा खेळ होता: गोल उभं राहायचं, समोरच्या कोणाचे तरी हात धरायचे आणि मग न सोडता गुंता सोडवायचा. बाया उठल्याच नाहीत. "आमी बाप्यांचे हात नाई धरत, ताई." मला वाटलं आता समजावणीचं भाषण होईल. ताईंनी हमालांकडून दुपट्टे मागून घेतले आणि हातांऐवजी दुपट्ट्यांची टोकं धरायला दिली. खेळ झाला. धान्याच्या धुळीने सगळे शिंकत होते. शहरातल्या पुस्तकातला खेळ जसाच्या तसा आणून टाकणाऱ्यांनी हा दुपट्टा लक्षात ठेवावा, असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी गोदामाच्या फरशीवर चुन्याच्या फक्कीने एक मोठं वर्तुळ काढलं आणि त्याचे चार भाग केले. केलं. पाहिलं. अर्थ लावला. पुन्हा करून पाहिलं. अमेरिकेतल्या डेव्हिड कोल्ब नावाच्या प्राध्यापकाने १९८४ मध्ये अनुभवातून शिकण्याची ही चार घरं मांडली, एवढं सांगून त्यांनी विषय सोडला आणि अध्यक्षांना पहिल्या घरात उभं केलं. "गाडी परत आली. आता तुम्ही त्या दिवशी जसे गेलात तसे चाला." अध्यक्षांनी जरा विचार केला आणि पहिल्या घरातून थेट चौथ्यात उडी मारली. सगळे हसले, तेही हसले. मधली दोन घरं कोरी राहिली होती. पांढरा चुना त्यांच्या चपलेला लागून दिवसभर गोदामभर फिरत होता.

ताई म्हणाल्या, शेतीशाळेत तुम्ही हेच करता. ही पद्धत १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांपायी सुरू झाली, आमच्याकडे अलीकडे राज्य सरकारच्या पोकरा या शेती प्रकल्पाने गावोगावी आली. शेतात बसायचं, झाडावरच्या किडी आणि मित्रकिडी मोजायच्या, कागदावर चित्र काढायचं, मग ठरवायचं. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तर बोंडअळीची फवारणी, नाही तर थांबायचं. कृषी केंद्रवाला काय म्हणतो ते नंतर. आमच्या चारही संचालकांना हे तोंडपाठ होतं. शेतात ते मोजल्याशिवाय फवारत नाहीत. गोदामात मात्र माणूस दिसला की फवारणी.

मी चहाच्या वेळी ताईंना म्हटलं, तुमचे खेळ छान आहेत, पण आहेत विदेशीच. त्या म्हणाल्या, "१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यात शिक्षण परिषद भरली होती. अध्यक्ष गांधीजी. हाताने काम करत करत शिकायचं, याच मुद्द्यावर. नई तालीम तिथून निघाली. तुमच्या गावाहून वर्धा किती लांब आहे?" मी गप्प बसले. वहीत रेघ मारायला हवी होती.

एक चिठ्ठ्यांचा खेळ झाला, तोही सांगते. मूळ खेळ बिअरच्या खोक्यांचा, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात १९६० च्या सुमारास निघाला. आम्ही तुरीच्या डाळीवर खेळलो, मालाच्या जागी चिंचोके. एक दुकानदार, एक ठोक व्यापारी, एक डाळमिल, एक शेतकऱ्यांचं गोदाम. बोलायचं नाही, फक्त मागणीची चिठ्ठी मागे सरकवायची, आणि माल दोन फेऱ्या उशिरा येणार. गिऱ्हाइकाची मागणी चारची आठ झाली ती एकदाच, पुढे शेवटपर्यंत आठच. पण ते फक्त दुकानदाराला माहीत. विसाव्या फेरीला आमच्या डाळमिलवाल्याने, म्हणजे हिशोबनीसाने, चाळीसची चिठ्ठी टाकली होती आणि पुढच्या फेऱ्यांत त्याच्याकडे इतका माल साचला की चिंचोके ठेवायला ताट मागवावं लागलं. खेळ संपल्यावर तो बराच वेळ ताटाकडे पाहत होता. मग म्हणाला, "मॅडम, आपला बारदाना."

बारदान्याची गंमत अशी की आधीच्या हंगामात टंचाईच्या भीतीने मी एकदा मागवला, त्याने एकदा मागवला आणि अध्यक्षांनी ओळखीच्या व्यापाऱ्याला परस्पर सांगून ठेवलं. दीड हजार रिकामे कट्टे माळ्यावर पडले होते, उंदरांच्या स्वाधीन. वर्षभर आम्ही तिघं एकमेकांना मनातल्या मनात मूर्ख समजत होतो. आता गोदामाच्या दारावर खडूचा फळा आहे: बारदाना किती आहे, किती मागवला, कोणी. एवढंच लिहिलेलं असतं.

जाताना ताईंनी एक गृहपाठ दिला. हंगाम सुरू झाला की पहिल्या आठवड्यात अर्धा दिवस कामांची अदलाबदल करा. चिठ्ठ्या टाकून. खोटा माल नाही, खरा माल, खरे शेतकरी. फक्त पैशाचा हिशोब हिशोबनीसाकडेच ठेवा.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. चिठ्ठ्या निघाल्या. काट्यावरचा पोरगा हमाल झाला. हमालकाका व्यवस्थापक झाले. मला आली शेतकऱ्याची चिठ्ठी. आणि अध्यक्षांना काटा.

मी भावाच्या शेतातले पाच कट्टे घेऊन रांगेत लागले. सकाळी नऊला. माझ्या पुढे अकरा जण. साडेअकरापर्यंत मला कोणी सांगितलं नाही की अजून किती वेळ लागेल, काटा चालू आहे की बंद, पाणी कुठे आहे. पाण्याचा माठ मीच ऑफिसात आत ठेवायला लावला होता, धूळ बसते म्हणून. तहान लागली आणि माझ्याच ऑफिसात शिरायचा संकोच वाटला. हे मी कोणाला सांगितलं असतं तर मलाच खोटं वाटलं असतं.

पण खरी मजा काट्यावर होती. काट्याचं टेबल भिंतीला लागून, त्यावर कॉम्प्युटर, कॉम्प्युटरशेजारी ओलाव्याचा मीटर, समोर पावतीपुस्तक. अध्यक्ष खुर्चीत बसले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर 'आता दाखवतो' असा भाव होता. पहिल्या शेतकऱ्याच्या वेळी ते उठले, प्रत्येक कट्ट्यात नळी खुपसून नमुना काढला, परत येऊन मीटरमध्ये टाकला, आकडा लिहिला. तेवढ्यात मागच्या दोघांनी आपले कट्टे काट्यावर चढवले आणि वजनावरून भांडण लागलं. दुसऱ्या शेतकऱ्याला ते एकदाच उठले. तिसऱ्याला अर्धे उठले. पाचव्याला मी ऐकलं, सगळ्यांनी ऐकलं:

"ए भाऊ, मूठभर आन ना इकडे."

शेतकऱ्याने वरच्या कट्ट्याच्या तोंडाशी हात घातला, सगळ्यात वाळलेला वरचा माल मुठीत घेतला आणि टेबलावर आणून ठेवला. अध्यक्षांनी तो मीटरमध्ये टाकला. नऊ पॉइंट आठ. पावती फाडली.

कट्टा पाठीवर घेतलेला काट्यावरचा पोरगा तिथेच थांबला होता. तो काही बोलला नाही. अध्यक्षांनी त्याच्याकडे पाहिलं, घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं झाली होती. दोन वर्षं आम्ही ज्याला आळशी म्हणत होतो त्याच्या खुर्चीत वीस मिनिटं बसल्यावर अध्यक्ष तोच माणूस झाले होते.

दुपारी गोल बसलो. काय झालं, इथूनच सुरुवात. यावेळी मी रेघा मारत होते आणि हिशोबनीस विचारत होता. मीटर टेबलावर का आहे? कॉम्प्युटरशेजारी आकडा लिहायला सोपं म्हणून. तिथे कोणी ठेवला? मीच, काटा सुरू झाला त्या दिवशी. मीटर बॅटरीवर चालतो. त्याला टेबल लागतच नाही. म्हणजे दोन वर्षं माल मीटरकडे येत होता, मूठ-मूठ, आणि मीटर मालाकडे जाऊ शकतो हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ड्रायव्हर उठला, कोपऱ्यातलं प्लास्टिकचं स्टूल उचललं, मीटर त्यावर ठेवला आणि कट्ट्यांच्या रांगेच्या तोंडाशी नेऊन टेकवला. निवडणाऱ्या बायांपैकी एकीने नमुना काढायचं काम घेतलं, सकाळचे तीन तास. पावतीवाला पावतीच फाडेल.

हमालकाकांना विचारलं, व्यवस्थापक होऊन कसं वाटलं. म्हणाले, "म्यानेजरले काईच काम नसते, बाई. तीन चकरा मारल्या, मंग चहा प्यालो." लोक इतके हसले की मलाही हसावं लागलं. मग तेच, त्याच सुरात: "खेळ मस्त हाय. पन हमाली वाढन काय?"

या प्रश्नाला त्या गोलात उत्तर नव्हतं. संचालक फरशीकडे पाहत होते. मी इथे स्पष्ट लिहिते, कारण अशा प्रशिक्षणांबद्दल लिहिणारे हे गाळतात: पाइप आणि चिठ्ठ्यांनी कोणाची मजुरी वाढत नाही, आणि मजुरीचा प्रश्न दाबायला हे खेळ वापरले तर माणसं दुसऱ्यांदा गोलात बसणार नाहीत. हमालीचा विषय पुढच्या मासिक सभेत मी ठेवला. दोन सभा लागल्या. कट्ट्यामागचा दर वाढला, काकांना हवा तेवढा नाही. त्यांनी ते मला दोनदा सांगितलं आहे.

त्या हंगामात एकही गाडी परत आली नाही. एका गाडीवर थोडी कटती लागली, कचऱ्यामुळे. मला हुरूप आला, आणि हुरूप आला की मी गोंधळ घालते.

जानेवारीत तूर सुरू झाली. ताईंना न विचारता मी स्वतः गोल घ्यायचं ठरवलं. मोबाइलवर कुठे तरी पाहिलं होतं: 'मनातलं मोकळेपणाने बोला'. प्रत्येकाने शेजारच्याला सांगायचं की त्याची कोणती गोष्ट खटकते. सुरुवात गोड झाली. मग काट्यावरच्या पोराने ग्रेडरवाल्याकडे पाहून सांगितलं, "तुमी सकाळी घेऊन येता. वास येते."

पत्र्यावर कबुतरं चालत होती, तेवढाच आवाज. बाया समोर होत्या. ग्रेडरवाल्याने खांद्यावरचा दुपट्टा काढला, झटकला, पुन्हा खांद्यावर टाकला आणि निघून गेला. चार दिवस आला नाही. ऐन तुरीत ग्रेडर बंद, तीनशे कट्टे पडून, शेतकरी फोनवर शिव्या देत होते.

पाचव्या दिवशी अध्यक्ष आणि मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने चहा केला. तो बाजेवर बसून होता. म्हणाला, "मॅडम, थे खरं हाय. पन थे तिथं सांगाची गोष्ट होती काय?"

मी चहा पीत राहिले. अध्यक्षांनी पावसापाण्याचं काही तरी काढलं. उठताना मी म्हटलं, चूक माझी झाली, त्या पोराची नाही, विचारलं मी. तो म्हणाला, "हाव." एवढंच.

ताईंना फोन केला तर त्यांनी आधी विचारलं, "त्या गोलात तू स्वतःबद्दल काय सांगितलंस?" काहीच नाही. माझ्या हातात वही होती. त्या म्हणाल्या, गोलात फक्त कामात काय घडलं ते ठेवायचं. माणसाचं काही असेल तर एकट्याशी बोलायचं, तेही त्याला ऐकायचं असेल तर. आणि सुरुवात ज्याच्या हाती पगारपत्रक आहे त्याने स्वतःच्या चुकीपासून करायची. त्या कधी नव्हे त्या चिडल्या होत्या; मला 'तू' म्हणाल्या होत्या, ते फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

ग्रेडरवाला सहाव्या दिवशी आला. घेणं सुटलं का, ते मी इथे लिहिणार नाही, तो त्याचा विषय आहे. गोलात मात्र तो पुढे कधी बसला नाही. दर शनिवारी संध्याकाळी काट्याजवळ आम्ही अर्धा तास बसतो, तेव्हा तो मशीन बंद करतो आणि मशीनला टेकून उभा राहतो. पाठ आमच्याकडे नसते, तोंडही नसतं.

या वर्षी नोव्हेंबरात पुन्हा एका गाडीवर कटती लागली. वरच्या थरातल्या कट्ट्यांना बारा टक्के ओलावा. मीटर तर पोत्यापर्यंत जात होता, नमुने सगळ्या कट्ट्यांतून निघत होते, पावत्या बरोबर होत्या. शनिवारी बसलो. मी फळ्यावर लिहीत होते, बाकीचे सांगत होते. गाडी कधी आली? दुपारी चारला. माल कधी तयार झाला? संध्याकाळी. भरायला कधी घेतला? रात्री साडेआठनंतर. ताडपत्री? होती, पण बांधली पहाटे, ड्रायव्हर जेवायला गेला होता. दव पडलं होतं का? पडलं होतं, पत्र्यावरून थेंब गळत होते. मग रात्री भरायला घेतलंच का, सकाळी ऊन आल्यावर का नाही?

इथे सगळे थांबले. हमालकाका विडी शोधायला लागले. काट्यावरच्या पोराने पावतीपुस्तक उघडून बंद केलं. मी खडू हातात धरून वाट पाहत होते, आणि खरंच मला आठवत नव्हतं.

मशीनजवळून आवाज आला. "मॅडम, त्या रात्री सात वाजता फोन कोनाचा आल्ता, आज गाडी गेलीच पायजे मनून, थे बी लिवा ना."

मी फळ्याकडे वळले आणि लिहिलं: सात वाजता, मॅडमचा फोन.